सरांची खुर्ची, अक्कांची वही

गेले काही महिने आमच्याकडं एका संस्थेवरून जुंपली आहे. संस्था मोठी नाही. बेळगावच्या पश्चिमेची काही गावं आणि खानापूर तालुक्याचा एक कोपरा, एवढाच तिचा पसारा. तळ्यांतला गाळ काढायचा, ओढ्यांवर पोती रचून बंधारे घालायचे, भाताच्या जुन्या वाणांचं बी जपायचं, ओल्या कचऱ्याचं खत करायला शिकवायचं, अशी वीस-बावीस वर्षं चाललेली कामं. ज्यांनी हे सगळं उभं केलं ते सर पायउतार झाले, कार्यकारिणीनं धारवाडकडच्या एका गृहस्थांना पगारी प्रमुख म्हणून आणलं, आणि तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत, देवळाच्या कट्ट्यावर, मोबाइलमधल्या गटांत एकच सवाल घोळतोय: सर गेले की सरांना घालवलं? मी या संस्थेचा साधा सभासद. दोन वर्षं हिशेब तपासायला बसलो होतो, तेवढाच काय तो अधिकार. तरी सांगतो, सवालच चुकला आहे. सर गेले ते बरं झालं. पाच वर्षं आधी जायला हवे होते. नवे साहेब कन्नड आहेत यानं काही बिघडत नाही. बिघडलंय ते भलत्याच ठिकाणी. या धामधुमीत गावोगाव फिरणाऱ्या नऊ जणांपैकी पाच जण काम सोडून गेले, आणि खुर्चीवर तासन्‌तास बोलणाऱ्यांपैकी एकानंही त्यांचं नाव काढलेलं नाही.

त्या पाचांतल्या एक म्हणजे अक्का. नाव नको, गावात सगळे अक्काच म्हणतात. एक जुनी स्कूटी आणि तीन भाषा, एवढ्या भांडवलावर त्यांनी अकरा वर्षं काढली. घराच्या पडवीत मराठी, पंचायतीत पीडीओसमोर, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यासमोर, कन्नड, बाहेरून पाहुणे आले की हिंदी. त्यांच्याकडं दोनशे पानी एक वही होती, स्वतःच्या पैशानं घेतलेली. कुठल्या विहिरीला मेमध्ये किती हात पाणी उरतं, कुठल्या बांधावरून पाट न्यायला कोण आडवा येतो आणि त्याच्या आज्याचं कुणाशी काय झालं होतं, खात्रीचं बासमतीचं बी आता कुणाच्या कणगीत उरलंय, उद्योग खात्रीच्या, म्हणजे रोजगार हमीच्या, कामाचा अर्ज कुठल्या टेबलावर अडतो, असलं सगळं त्यात. संस्थेच्या संगणकात काय आहे? लाभार्थी इतके, बैठका इतक्या, फोटो इतके. अक्का पावसाळ्यानंतर उद्यमबागेतल्या एका कारखान्यात पॅकिंगला लागल्या. वही त्यांच्याबरोबर गेली. ती मागावी असं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण अशी वही आहे हेच कार्यालयात कुणाला ठाऊक नव्हतं.

आता सरांच्या बाजूचं म्हणणं घेतो, कारण ते हलकं नाही. गावात काम विश्वासावर चालतं आणि विश्वास माणसावर असतो, लेटरहेडवर नसतो, असं ते म्हणतात. खरं आहे. एका गावात तळ्याचा गाळ टाकायला जागा मिळत नव्हती तेव्हा एका म्हाताऱ्यानं आपलं पडीक शेत दिलं. कागद नाही, सही नाही. "सरांनी शब्द दिलाय न्हवं? मग टाका की," एवढंच तो बोलला. हा शब्द कुठल्या नेमणूकपत्रातून नव्या माणसाकडं जाणार? सरांनी घरची जमीन विकून पहिली पाच वर्षं संस्था चालवली, हेही मला ठाऊक आहे. अशा माणसाला निरोपाचा नारळसुद्धा नीट दिला गेला नाही, याची लाज मला वाटते.

पण याच विश्वासाची दुसरी बाजू बघा. चेकवर सही सरांची, कपाटाची किल्ली सरांकडं, पाहुणे आले की बोलणार सर. कार्यकारिणीची बैठक म्हणजे वर्षातून एकदा शिपायानं घरोघर रजिस्टर फिरवून सह्या घेणं. दुसरी फळी का तयार झाली नाही, असं एकदा मी विचारलं तर सर हसून म्हणाले, "माणसं टिकत नाहीत हो." टिकतील कशी? ज्या झाडाखाली काही उगवत नाही त्या झाडाच्या सावलीचं कौतुक किती करायचं? आणि त्या म्हाताऱ्यानं शब्द कुणाच्या तोंडून ऐकला होता, हेही विचारून बघा. सर त्या गावात दोनदा गेले. अक्का दर आठवड्याला जात होत्या. विश्वास सरांच्या नावावर जमा होत होता, पण तो भरत होतं कोण?

संस्थापक गेला की संस्था संपते, हे आपण इतक्या सहज बोलतो की जणू तो निसर्गनियम आहे. गोपाळ कृष्ण गोखले फेब्रुवारी १९१५ मध्ये गेले. त्यांचा भारत सेवक समाज तेव्हा अवघा दहा वर्षांचा. गांधींनी त्यात यावं अशी गोखल्यांची स्वतःची इच्छा होती, आणि गांधींनी अर्जही केला होता. सभासदांत दोन तट पडले. गांधींचे विचार आपल्याला पेलणारे नाहीत, असं एका बाजूला प्रामाणिकपणे वाटत होतं. शेवटी गांधींनीच अर्ज मागं घेतला आणि श्रीनिवास शास्त्री अध्यक्ष झाले. विचार करा, गेलेल्या संस्थापकाची इच्छा एका बाजूला आणि उरलेल्यांचं मत दुसऱ्या बाजूला, आणि उरलेल्यांचं मत चाललं. आमच्याकडं असं झालं असतं तर त्यांना कृतघ्न म्हणून गावभर फिरवलं असतं. समाज टिकला, गांधींचंही काही अडलं नाही. नऊ वर्षांनी, डिसेंबर १९२४ मध्ये, तेच गांधी आमच्या टिळकवाडीत काँग्रेसच्या अध्यक्षपदी बसले. त्या अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अजून जागेवर आहे. अध्यक्ष कोण होते ते बेळगावातलं शाळकरी पोरही सांगेल. विहीर कुणी खोदली?

घरचंच उदाहरण हवं असेल तर तेही आहे. १९१६ मध्ये बेळगावात सात जणांनी मिळून केएलई ही शिक्षणसंस्था काढली. लोक त्यांना सप्तर्षी म्हणतात. आज त्या संस्थेचा विस्तार केवढा आहे हे सांगायला नको, आणि तिच्या आजच्या कारभाराबद्दल ज्याचं त्याचं मत असू दे. मला त्यातला आकडा महत्त्वाचा वाटतो. सात. एकट्याच्या नावावर मांडलेलं घर आणि सात जणांनी मांडलेलं घर यांत पहिला फरक असा, की सातांतला एक गेला तर चूल विझत नाही. आमच्या संस्थेच्या पहिल्या नोंदणीपत्रावरही सात नावं आहेत. त्यांतले दोन वारले, एक पुण्याला मुलाकडं राहतात आणि तिघांना आपण पदाधिकारी आहोत हे मी सांगितल्यावर कळलं.

दुसरी बाजू नव्या व्यवस्थेची. त्यांचं म्हणणं असं, की पिशवीत पावत्या कोंबून हिशेब ठेवायचे दिवस गेले. मी ती पिशवी पाहिलेली आहे. एका दिवाळीचा फराळ, डिझेल आणि बियाण्याची पोती एकाच चिठ्ठीवर होती. चोरी नव्हती, गबाळेपणा होता, पण कायद्याला दोन्ही सारखेच दिसतात. एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. तो पैसा हवा तर कागद चोख लागणार. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेनं असा पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. मोठ्या शहरातल्या संस्थेकडून खालच्या छोट्या संस्थेकडं येणारा पाट तिथंच बंद झाला. आमच्याच संस्थेचे दोन कार्यकर्ते त्या पैशावर होते. सरांच्या चाहत्यांना वाटतं नव्या साहेबांनी माणसं काढली. ही दोघं तर साहेब यायच्या आधीच या कायद्यानं काढली होती. सरांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

तेव्हा शिस्त हवीच. पण कसली? कंपनीच्या पैशातला चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून फार तर तीन वर्षांचा धरतात. गावतळ्याचा गाळ पहिल्या उन्हाळ्यात निघतो. त्याचं पाणी आजूबाजूच्या विहिरींना लागलं की नाही हे कळायला चांगले-वाईट तीन-चार पावसाळे जावे लागतात. बी-बँकेचं तर विचारूच नका. एखादं वाण शेतकऱ्यानं पुन्हा आपणहून पेरलं, तेव्हा ते जगलं म्हणायचं. म्हणजे पैसा थांबतो नेमका त्या वर्षी, ज्या वर्षी काम फळलं की फसलं हे समजणार असतं. आणि माणसं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. नव्या व्यवस्थेनं पहिल्या सहा महिन्यांत अहवाल लिहायला बाहेरचा सल्लागार नेमला आणि त्याच तिमाहीत अक्कांच्या पेट्रोलचा भत्ता "तपासणीसाठी प्रलंबित" ठेवला. याला व्यावसायिकता म्हणायचं? व्यापारी माणूससुद्धा गिऱ्हाईक ओळखणारा गुमास्ता हातचा जाऊ देत नाही. आमच्या शहापूरच्या कापडदुकानदारांना विचारा.

इथं एक वाक्य हमखास येतं, आणि ते दोन्ही बाजूंकडून येतं, म्हणून मला जास्त खटकतं: समाजसेवेला आलेल्यांनी पगाराचं काय घेऊन बसायचं? गेलेले पाच जण पैशासाठी गेले, तर जाऊ देत. हा वाद काल-परवाचा नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत १८९० मध्ये टिळक आणि आगरकर-गोखल्यांची फाटाफूट झाली ती याच जागी. आजन्म सेवकांनी अल्प वेतनात भागवायचं हे सर्वांना मान्य होतं. मग बाहेरची कामं घ्यायची की नाही, बाहेरून मिळालेला पैसा कुणाचा, वेतन वाढवायचं की नाही, यावर वर्षानुवर्षं कडाक्याचे वाद झाले आणि टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. टिळकांचा आग्रह निखळ होता: त्याग करायचा तर पुरता करा. पण ज्याला दम्यानं गाठलंय आणि संसार ओढायचाय त्या आगरकरांची अडचण खोटी होती का? मला इथं एकाच गोष्टीचं अप्रूप वाटतं. ही माणसं पैशाबद्दल तोंडावर बोलली, कागदावर बोलली. आणि त्याग मागणारे स्वतःही त्याच वेतनावर होते. आमच्याकडं सेवेचं व्याख्यान देणाऱ्यांना पेन्शन आहे, ऊस आहे, एकाचा पेट्रोलपंप आहे. ऐकणारी बाई सकाळी दोन म्हशींची धार काढून, डबे करून, बारा किलोमीटर स्कूटी मारत येते. सेवा ही कायम खालच्या पायरीवरच्यांनीच का करायची?

आता भाषेचं. याबद्दल बोललो की दोन्हीकडून मार बसतो, तरी बोलतो. मराठी माणसाच्या हातातली आणखी एक संस्था गेली, ही भावना मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या शहरात २००५ मध्ये महापालिकेनं सीमाभाग महाराष्ट्रात घालण्याचा ठराव केला म्हणून महापालिकाच बरखास्त झाली, जिथं १ नोव्हेंबर हा कुणाचा राज्योत्सव आणि कुणाचा काळा दिवस असतो, जिथं शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कन्नड उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, तिथल्या माणसाला असं वाटणारच. ही भीती आकाशातून पडलेली नाही. उचगाव, कडोली, येळ्ळूरसारख्या गावांत लोक वर्गणी काढून साहित्य संमेलनं भरवतात ती हौस म्हणून नव्हे. एक-एक जागा धरून ठेवायची सवय त्यामागं आहे.

पण ही संस्था कशासाठी आहे? ती भाषेची चौकी नाही, पाण्याची आहे. मलप्रभा आमच्या कणकुंबीत उगम पावते आणि सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते. तिथून हुबळी-धारवाडच्या नळांना तिचं पाणी जातं. खानापूरचा डोंगर उघडा पडला तर गाळ कुणाच्या धरणात साचणार? धारवाडच्या माणसाचा आमच्या ओढ्याशी संबंध काय, असं विचारणाऱ्यानं हा नकाशा एकदा पाहावा. पुण्या-मुंबईच्या कुणाहीपेक्षा त्याचा संबंध जवळचा आहे. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे टिळकांचे कट्टर अनुयायी. १९२४ चं ते अधिवेशन बेळगावात भरलं त्यात त्यांचा पुढाकार होता. लोक त्यांना कर्नाटकसिंह म्हणत आणि त्यांनी आत्मचरित्र लिहिलं ते मराठीत. ते कुणाचे, हे ठरवायला आज बसलो तर आपण त्यांनाही कुठल्या ना कुठल्या बाजूनं बाहेर काढू. हुदलीत खादीचं काम मात्र अजून चालतं.

नव्या साहेबांची अडचण वेगळी आहे. ते गावात जात नाहीत. दोन महिन्यांत "काय करायलाय" म्हणण्यापुरतं मराठी त्यांनी शिकून घेतलं, त्याचं कौतुक आहे. पण बळ्ळारी नाल्याचं पाणी दर पावसाळ्यात शहापूर-वडगावच्या शिवारात कुठून घुसतं आणि उभ्या भाताचं काय होतं, हे नकाशावर बोट ठेवून सांगता येणं वेगळं आणि जुलैत गुडघाभर चिखलात उभं राहून बघणं वेगळं. त्यांच्या जागी मराठी एमबीए आला असता तरी तो त्याच नकाशावर बोट ठेवून बसला असता. आणि मागची वीस वर्षं शंभर टक्के मराठी असलेल्या आमच्या कार्यकारिणीत बाई एकही नव्हती, पन्नाशीच्या आतला शेतकरी एकही नव्हता. तेव्हा आम्हाला आपलं माणूस नसल्याची खंत वाटली नाही. हे सोयीचं नाही का?

गट पाडायची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे, हे मान्य केलेलं बरं. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीचे लोक एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि एकही जागा हाती आली नाही. त्यातून आपण काय शिकलो? दूध सोसायटी असो, देवस्थानाची पंच कमिटी असो, पहिला प्रश्न तोच: तो कुणाचा? या प्रश्नाचं उत्तर मिळालं की दुसरा प्रश्न विचारायची गरजच वाटत नाही. या संस्थेच्या बाबतीतही तेच झालं. सरांचे आणि साहेबांचे अशी वाटणी पहिल्या आठवड्यात झाली आणि अक्का कुणाच्याच नव्हत्या, म्हणून त्यांचा विषय कुणाच्याच तोंडी आला नाही.

माझं मागणं फार नाही. जुना आणि नवा प्रमुख यांनी निदान एक पावसाळा बरोबर काढावा, कारण आमच्याकडं जे शिकायचं ते जून ते सप्टेंबरमध्येच दिसतं. रुसवे-फुगवे असतील तर घरी करावेत. कार्यकर्ता काम सोडत असेल तर त्याचा निरोप कार्यालयात नको, गावात व्हावा. त्याच्या जागी येणाऱ्याला त्यानं दारोदार नेऊन ओळख करून द्यावी आणि त्या महिन्याचा दोघांनाही पूर्ण पगार मिळावा. अक्कांसारख्यांच्या वह्या उतरवून घ्यायला जो वेळ लागेल तो कामाचा वेळ धरावा, आणि त्यातलं कुणाच्या घरचं भांडण कुठवर लिहायचं हेही त्यांनाच ठरवू द्यावं. वार्षिक हिशेब ग्रामसभेत मराठीत आणि कन्नडमध्ये वाचावा. कर्नाटकाच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्यात दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यायची आणि कार्यकारिणीची यादी निबंधकाकडं द्यायची, एवढं तरी लिहिलेलं आहे. रजिस्टर घरोघर फिरवून ते होत नाही. यासाठी जास्त पैसा लागेल, असं कोशाध्यक्ष म्हणतील. लागेल. सल्लागाराच्या एका अहवालापेक्षा कमी लागेल, हे मी हिशेब पाहिलेला माणूस म्हणून सांगतो.

यावर एक आक्षेप उरतो, आणि त्याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. माणसं कायमची धरून ठेवता येत नाहीत. अक्कांना कारखान्यात पीएफ आहे, रविवारची सुट्टी आहे, आणि वरिष्ठांच्या भांडणात कुणाची बाजू घ्यायची हा ताप नाही. त्यांना परत या म्हणायचा मला काय हक्क? गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो होतो. चहा झाला, म्हशींचं बोलणं झालं. वहीचं विचारलं तर आतून घेऊन आल्या. शेवटची नोंद सप्टेंबरची होती, एका विहिरीच्या पाण्याची. "द्यायला काय झालं हो," म्हणाल्या, "पण कुणाला देऊ? सायब वाचनार न्हाईत, सरांस्नी दिसत न्हाई."

सर्वसाधारण सभेची नोटीस परवा आली. विषयपत्रिकेवर अध्यक्षांची निवड तिसऱ्या क्रमांकावर आहे, माजी संस्थापकांच्या गौरवाचा ठराव चौथ्या. कर्मचाऱ्यांचा विषय कुठंच नाही. विचारलं तेव्हा चिटणीस म्हणाले, अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणाऱ्या विषयांत घेऊ. तो पहिला घ्यावा आणि त्या दिवशी अक्कांना सभेला बोलवावं, असं मी लेखी कळवलं आहे. पत्राची पोच मिळाली आहे.